स्लॅबच्या काँक्रीटमध्ये केमिकल टाकावं का? ताकद आणि गळती, दोन्हीसाठी (नाशिक)

घरटं_म्हसरूळ

नमस्कार मंडळी. म्हसरूळला छोट्या बंगल्याचं काम चालू आहे. खालचा मजला झाला, आता वरचा स्लॅब म्हणजे गच्ची पावसाच्या आत उरकायचीय. साधारण अकराशे चौरस फूट, पाच इंची, ड्रॉइंगवर एम २५ (म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी २५ मेगापास्कल ताकद) लिहिलंय. सिमेंट पीपीसी (पोर्टलंड पोझोलाना), वाळू अर्थातच क्रश सँड (दगड फोडून केलेली), नदीची वाळू आता मिळते कुठे आणि मिळाली तरी परवडते कोणाला.

तर ठेकेदार म्हणतो गोणीमागे २०० मिली वॉटरप्रूफिंगचं लिक्विड टाका आणि वर एक "ताकदीचं केमिकल" टाका. इंजिनियर म्हणतो दुसरं नक्की टाका, पहिलं नाही टाकलं तरी चालेल. सासरे म्हणतात दोन्ही टाकू नका, आमच्या पंचवटीतल्या वाड्यात कुठे केमिकल होतं, शंभर वर्षं उभा आहे. आणि दुकानदाराने तिसरीच एक पावडर हातात ठेवली, म्हणे ही टाकली की गच्चीवर पोहायचा तलाव केला तरी खाली थेंब येणार नाही.

मी बँकेत नोकरी करतो, मला यातलं काही कळत नाही. खरंच ताकद वाढते का? आणि गळती थांबते का? की नुसता खर्च? ज्यांनी टाकलंय त्यांनी अनुभव सांगा प्लीज.

चिवडा_मिसळ

गच्चीवर तलाव झाला की आम्हाला बोलवा.

सातपूरचा_ठेकेदार

भाऊ, आधी एक सांगतो. वीस-बावीस वर्षं हेच करतोय, सातपूर, अंबड, पाथर्डी फाटा सगळीकडे कामं केलीत. वॉटरप्रूफिंगचं लिक्विड मी प्रत्येक स्लॅबला टाकतो. तुमच्या स्लॅबला अंदाजे शंभर गोण्या जातील, म्हणजे वीस लिटर लिक्विड, एक कॅन. एवढ्या मोठ्या खर्चात तो एक कॅन काय जड आहे का. उद्या गळालं तर मालक ठेकेदारालाच धरतो, तुमच्या इंजिनियरला नाही. त्यामुळे टाका आणि मोकळे व्हा.

रेवती_इंदिरानगर

आमच्याकडे टाकलं होतं. तरी गळतंय. दोन खोल्यांत पोपडे, भिंत हाताने खरवडली तर पांढरी पूड पडते. त्यामुळे माझा तरी विश्वास उडालाय.

पाटबंधारे_निवृत्त

घरटं, तुमचा इंजिनियर बरोबर आहे. पण "ताकदीचं केमिकल" हे शब्द ज्याने वापरले त्याने तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर सोडून द्या.

बाटलीत ताकद नसते. ताकद असते पाणी आणि सिमेंटच्या प्रमाणात. डफ अब्रॅम्स नावाच्या अमेरिकन माणसाने १९१८ मध्ये हे दाखवून दिलं आणि त्यानंतर कोणी खोटं पाडलेलं नाही: बाकी सगळं तेच ठेवून पाणी वाढवलं की ताकद उतरते. सिमेंटला स्वतःच्या रासायनिक क्रियेसाठी वजनाच्या साधारण पावपट पाणी लागतं, थोडं आणखी त्याच्या सूक्ष्म रचनेत अडकून बसतं, म्हणजे एकूण ०.४० च्या आसपास. पन्नास किलोच्या गोणीला वीस लिटर. पण वीस लिटरमध्ये माल इतका घट्ट होतो की सळयांच्या जाळीत शिरत नाही. म्हणून साइटवर काय होतं, मिक्सरवाला पाइप सोडतो आणि तीस-पस्तीस लिटर जातं. हे जे जास्तीचं पाणी, ते सिमेंटला नकोच असतं. ते नंतर उडून जातं आणि जाताना मागे केसापेक्षा बारीक नळ्या ठेवून जातं. ताकद त्यामुळे कमी होते आणि पाणी झिरपतं तेही त्याच नळ्यांतून. दोन्ही दुखण्यांचं मूळ एक आहे.

तुमचं "ताकदीचं केमिकल" म्हणजे प्लास्टिसायझर. तो काय करतो? सिमेंटचे कण पाण्यात पडले की गुठळ्या धरतात आणि गुठळीच्या पोटात पाणी कोंडून ठेवतात. केमिकल त्या कणांवर चढून त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतं, कोंडलेलं पाणी सुटतं, तेवढ्याच पाण्यात माल पातळ वाटतो. मग तुम्ही पाणी कमी करू शकता. साधा लिग्नोवाला ५ ते १० टक्के पाणी वाचवतो, नॅप्थलीनवाला सुपरप्लास्टिसायझर १५ ते २५ आणि पीसीई (पॉलिकार्बोक्सिलेट ईथर) जातीचा ३० टक्के किंवा त्याहून जास्त. पाणी कमी केलंत तर ताकद वाढली. पाणी तेवढंच ठेवून वर केमिकल ओतलंत तर माल नुसता सरबतासारखा होतो, खडी खाली बसते, पाणी वर येतं, ताकद जिथल्या तिथे किंवा कमीच.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच, की मिक्सरपाशी पाइप कोणाच्या हातात आहे ते आधी सांगा, मग केमिकलचं बोलू.

चिवडा_मिसळ

काका, पाइप बहुतेक मिक्सरवाल्याच्या बारा वर्षांच्या पोराच्या हातात असतो. तोच आमच्या सोसायटीचा खरा स्ट्रक्चरल इंजिनियर होता.

मनमाडी_भो

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

सातपूरचा_ठेकेदार

पाटबंधारे साहेब, पुस्तकात सगळं बरोबर आहे हो. पण मे महिन्यात चाळीस डिग्रीत डोक्यावर घमेलं घेऊन शिडी चढायला सांगा आणि माल वीस लिटरचा घट्ट द्या, दहाव्या घमेल्याला मजूर काम सोडून बसतो. माल पातळ कर म्हणून तेच ओरडतात. तुम्ही सरकारी कामावर होतात, तिथे व्हायब्रेटर (माल हलवून नीट बसवायचं यंत्र), लॅब, ज्युनियर इंजिनियर सगळं होतं. आमच्याकडे मालक येतो नारळ फोडायला आणि पेढे वाटायला.

पाटबंधारे_निवृत्त

मान्य. म्हणूनच तर सुपरप्लास्टिसायझर तुमच्यासारख्यांनी वापरायला हवा. घट्ट माल मजुराला नको आणि पातळ माल स्लॅबला नको, त्यातून सुटण्याचा तोच रस्ता आहे.

अपर्णा_जोशी_सिव्हिल

मी आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटला क्वालिटीला काम केलंय काही वर्षं (कुठल्या ते नको विचारू). काकांच्या प्रतिसादाला अनुमोदन आणि थोडी भर.

आयएस ४५६ (काँक्रीटचा भारतीय कोड, २००० चा) उघडून बघितलंत तर मॉडरेट (मध्यम) परिस्थितीसाठी आरसीसीला पाणी-सिमेंट प्रमाण ०.५० च्या वर नको आणि सिव्हिअर (कठोर) असेल तर ०.४५. एम २५ मॉडरेटसाठी आहे. म्हणजे गोणीला जास्तीत जास्त २५ लिटर. आता हे साइटवर मोजायचं कसं? पेंटची वीस लिटरची रिकामी बादली असते ना, ती भरून एक आणि वर पाव बादली. मिक्सरपाशी पाइप ठेवायचाच नाही, ड्रम भरून ठेवायचा आणि बादलीनेच पाणी घालायचं. एवढी एक गोष्ट केली तरी अर्धं काम झालं.

पण यात एक मेख आहे. क्रश सँड ओली असेल तर ती स्वतःबरोबर पाणी आणते. एका गोणीला साधारण ७५ किलो वाळू धरली आणि ओल ५ टक्के असली तर जवळपास चार लिटर पाणी वाळूतच आलं. मग बादलीतलं एकवीसच घालायचं. वाळूचा ढीग आदल्या रात्री पावसात भिजला किंवा धूळ बसवायला कोणी पाणी मारलं तर सकाळी हिशोब बदलतो. मूठभर वाळू दाबून बघायची. गोळा बनून हाताला ओल लागली तर पाणी कमी करा. उलट वाळू एकदम कोरडी असेल आणि त्यात पांढरट भुकटी जास्त असेल तर ती पाणी पिते, मजूर म्हणणार पाणी वाढवा. तेव्हा पाणी न वाढवता केमिकल थोडं वाढवायचं, अर्थात कंपनीच्या शीटवर दिलेल्या मर्यादेतच.

आणि हो, डोस मोजून. सुपरप्लास्टिसायझर साधारणपणे सिमेंटच्या वजनाच्या अर्धा ते दीड-दोन टक्के, पीसीई असेल तर आणखी कमी. म्हणजे गोणीला पाव किलोपासून पुढे. प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, कॅनसोबत शीट मिळते ती मागून घ्या. आयएस ९१०३ चा (अशा केमिकलांच्या कोडचा) उल्लेख नसेल तर घेऊच नका.

द्राक्षबागायतदार_ओझर

ताई हे एकदम आमच्या जीएसारखं झालं की. द्राक्षाला जिब्रेलिक अ‍ॅसिडचे पीपीएम चुकले की घडाचं काय होतं ते बागवाल्याला विचारा. आम्ही ग्रॅम ग्रॅम मोजून टाकतो आणि घर बांधताना मात्र "हां टाक अजून एक मग" :)

माझ्याकडे शेडच्या पायाला असंच झालेलं. गड्याने केमिकल अंदाजाने ओतलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत काँक्रीट बोट लावलं तर आत जात होतं. घाबरलो, तोडायला निघालो होतो. इंजिनियर म्हणाला थांबा, हात लावू नका, ओलं ठेवा. हळूहळू घट्ट झालं.

अपर्णा_जोशी_सिव्हिल

हो, डोस जास्त झाला की सेट व्हायला उशीर होतो. बऱ्याचदा नंतर ताकद येते, पण खडी-पाणी वेगळं झालं असेल तर नाही येत. त्यामुळे "टिकलं ना" म्हणून परत तसं करू नका.

गंगाकाठचा

सासरेबुवांच्या मुद्द्यावर कोणीच बोललं नाही. पंचवटीतले वाडे, सरकारवाडा, घाटाची बांधकामं, हे सगळं चुन्यातलं. आणि त्यात "केमिकल" नव्हतं असं कोण म्हणतं? गूळ, बेलफळाचं पाणी, मेथी, उडीद भिजवून त्याचं पाणी, हे सगळं चुन्याच्या मिश्रणात जायचंच. शिवाय सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. अ‍ॅडमिक्स्चरच (मिसळायची द्रव्यं) झाली की ती. गोदामाई दर पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागते, कधी डोक्यावरून जाते, २०१९ च्या ऑगस्टमधलं तर सगळ्यांनी बघितलंय, तरी घाटावरचे जुने दगड जागेवर आहेत.

मग आज कोणी सिमेंटमध्ये गूळ टाकून बघितलाय का? स्वस्त आणि सेंद्रिय :)

पाटबंधारे_निवृत्त

गंगाकाठचा, सुरखीचा मुद्दा एक नंबर. भाजलेल्या मातीतली सिलिका चुन्याबरोबर क्रिया करते आणि पाण्यातही घट्ट होणारा पदार्थ बनतो. रोमन लोक ज्वालामुखीची राख वापरून हेच करत होते. आज आपण औष्णिक केंद्राची राख वापरतो. एकलहऱ्याची राख आपल्या जिल्ह्यातले वीटवाले नेतातच. पीपीसी सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के अशी राख कारखान्यातच मिसळलेली असते. घरटं, तुमच्या गोणीत ती आहेच, त्यामुळे साइटवर कोणी "फ्लाय अ‍ॅश टाकू का वरून" म्हणालं तर नको म्हणा.

पण गूळ कृपा करून टाकू नका. चुना आणि पोर्टलंड सिमेंट यांची रसायनं वेगळी आहेत. साखर सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के, म्हणजे गोणीला पंचवीस ग्रॅम पडली तरी सेटिंग चारेक तास लांबतं. पाव टक्का, अर्धा टक्का गेली तर सेट होणंच जवळजवळ थांबतं.

चिवडा_मिसळ

पंचवीस ग्रॅम?! म्हणजे मिस्त्रीचा चहा मिक्सरमध्ये सांडला तर?

पाटबंधारे_निवृत्त

एका कटिंगने काही होत नाही. साखरेची रिकामी पोती मात्र वाळू भरायला वापरू नका.

मनमाडी_भो

थोडं अवांतर, सध्या सिंहस्थाची कामं चाललीत, इतकं काँक्रीट ओततायत रस्त्यांवर. तिथे काय टाकतात? द्वारका चौकात आरएमसीची गाडी तासभर अडकलेली बघितली परवा.

अपर्णा_जोशी_सिव्हिल

रस्त्याच्या कामांना केमिकलशिवाय होतच नाही. आणि ती अडकलेली गाडी, तिथेच खरी गंमत असते. प्लांटवरून माल निघतो तेव्हा स्लंप मोजलेला असतो (शंकूच्या आकाराचा डबा, तीनशे मिलिमीटर उंच, त्यात भरून उचलायचा आणि ढीग किती खाली बसला ते मोजायचं). ट्रॅफिकमध्ये, उन्हात तो स्लंप उतरतो. साइटवर पोचल्यावर पंपवाला ओरडतो "माल चालत नाही", आणि ड्रायव्हर मागच्या टाकीचं पाणी ड्रममध्ये सोडतो. सहा घनमीटरच्या गाडीत शंभर लिटर गेलं तरी कोणाला दिसत नाही. प्लांटवरचं सगळं गणित तिथे पाण्यात. खरं तर त्या वेळी पाण्याऐवजी थोडं सुपरप्लास्टिसायझर टाकून ड्रम फिरवायचा असतो, चांगले सप्लायर त्यासाठी गाडीसोबत कॅन देतात. चलनावर प्लांटमधून निघायची वेळ असते ती बघा, दोन तासांच्या आत माल उतरायला हवा.

घरटं, तुम्ही आरएमसी घेणार आहात की साइट मिक्स?

घरटं_म्हसरूळ

बापरे एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. साइट मिक्सच, गल्लीत गाडी वळत नाही. म्हणजे प्लास्टिसायझर घ्यायचं नक्की झालं आणि बादलीचं नियोजन मला झेपेल असं वाटतंय, रजा टाकून उभा राहीन. पण वॉटरप्रूफिंगच्या लिक्विडचं काय ते अजून कळलं नाही. आणि रेवतीताईंकडे टाकूनही गळतंय ते का?

सातपूरचा_ठेकेदार

टाका हो. एक कॅन.

पाटबंधारे_निवृत्त

रेवतीताई, गळती कुठे आहे? स्लॅबच्या मधोमध की कडेला? पाइप जिथून खाली येतो तिथे?

रेवती_इंदिरानगर

एक कोपऱ्यात, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) खालच्या बाजूला. दुसरी बाथरूमच्या वरच्या खोलीत नाही, तर जिथे पावसाळी पाइप भिंतीला लागतो तिथे.

पाटबंधारे_निवृत्त

बघा. बरा भरलेला, व्हायब्रेटर नीट फिरवलेला पाच इंची स्लॅब मधून सहसा गळत नाही. गळतो तो सांध्यातून. पॅरापेट आणि स्लॅबच्या कोपऱ्यात वाटा (गोलाई) नीट केलेला नसतो, पाइपभोवतीची जागा नंतर मालाने नुसती बुजवलेली असते, संध्याकाळी काम थांबवून सकाळी पुढे ओतलेलं असतं, किंवा खालून बघितलं तर मधमाशांच्या पोळ्यासारखी खडी उघडी पडलेली असते (हनीकोंब म्हणतात ते). यातल्या एकाही दुखण्यावर लिक्विड काम करत नाही. ते काँक्रीटच्या अंगातल्या बारीक नळ्या थोड्या बंद करतं किंवा त्यांना पाणी न ओढणारं बनवतं. भगदाडाला त्याचा उपयोग काय?

आणि त्या बारीक नळ्यांबद्दल जुनं संशोधन आहे, पॉवर्स वगैरे मंडळींचं, १९५९ चं. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४० असेल आणि काँक्रीट सतत ओलं ठेवलं तर त्या नळ्यांचं जाळं तीन दिवसांत तुटतं, म्हणजे आरपार रस्ता राहत नाही. ०.४५ ला सात दिवस, ०.५० ला चौदा दिवस. ०.६० ला सहा महिने. आणि ०.७० च्या वर गेलात तर कितीही ओलं ठेवा, कधीच नाही. मी नोकरीत असताना नव्या पोरांना हे आकडे पाठच करायला लावायचो. पस्तीस लिटर पाणी घातलेल्या गोणीचं प्रमाण ०.७० होतं, हिशोब तुम्हीच करा.

सातपूरचा_ठेकेदार

साहेब आकडे चांगले आहेत, पण मग एवढ्या कंपन्या लिक्विड विकतात ते काय वेडे? आयएस कोड आहे ना त्याचाही.

अपर्णा_जोशी_सिव्हिल

आहे, आयएस २६४५. उपयोग शून्य नाहीये, मी काकांइतकी कडक नाही याबाबतीत. बाहेरच्या प्लास्टरला, बाथरूमच्या कोब्याला, टाकीच्या आतल्या प्लास्टरला मी स्वतः टाकायला सांगते, कारण तिथे मालात पाणी हमखास जास्त जातं आणि थर पातळ असतो. स्लॅबला टाकलं तर नुकसान नाही. फक्त दोन केमिकलं एकत्र टाकणार असाल तर शक्यतो एकाच कंपनीची घ्या आणि आधी एक छोटा घाणा (मिक्सरचा एक फेरा) करून बघा, काही जोड्या एकमेकींशी नीट जमत नाहीत, माल लवकर घट्ट होतो किंवा फेस येतो. दोन्ही एकाच बादलीत मिसळून तर अजिबात टाकू नका.

दुकानदाराची "पावडर" काय आहे ते गोणीवर वाचा. क्रिस्टलाइन लिहिलंय का?

घरटं_म्हसरूळ

हो, क्रिस्टलाइन लिहिलंय. आणि सिमेंटच्या एक टक्का टाका असं.

अपर्णा_जोशी_सिव्हिल

मग ती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. सिमेंटच्या क्रियेत जो चुना (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) सुटतो त्याच्याशी आणि पाण्याशी मिळून तिचे सुईसारखे स्फटिक नळ्यांत वाढतात. नंतर बारीक तडा गेली आणि पाणी शिरलं तरी पुन्हा वाढतात, केसाएवढी तडा बुजते. बेसमेंट, लिफ्टचा खड्डा, पाण्याची टाकी, जिथे पाण्याचा दाब कायम आहे तिथे मी नक्की म्हणेन. गच्चीला? खर्च बघा. तेच पैसे व्हायब्रेटर आणि क्युरिंगवर (काँक्रीट ओलं ठेवण्यावर) गेले तर मला जास्त बरं वाटेल.

देवळाली_कॅम्प_१९७१

सिलिका फ्यूमचं (सिलिकाच्या अतिबारीक पुडीचं) नाव कोणीच घेतलं नाही? आमच्या फॅक्टरीच्या फ्लोअरला टाकलं होतं, दगड झालाय.

पाटबंधारे_निवृत्त

सिमेंटपेक्षा शंभरपट बारीक कण असतात त्याचे. ५ ते १० टक्के टाकलं की ताकद आणि घट्टपणा दोन्ही चांगलेच वाढतात. पण सुपरप्लास्टिसायझरशिवाय टाकलं तर पाणी जास्त मागतं आणि उन्हात वरचा थर लवकर तडकतो. फॅक्टरीच्या फ्लोअरला ठीक. घराच्या एम २५ ला गरज नाही.

नाशिकरोड_नलिनी

माझा प्रश्न थोडा वेगळा. आमच्या मिस्त्रीने "फायबर" टाकायला सांगितलंय, प्लास्टिकचे केस असतात तसे. त्याने ताकद वाढते म्हणतो. खरं का?

सातपूरचा_ठेकेदार

ताई, ताकद नाही वाढत, पण ते मी आवर्जून टाकतो, इथे साहेबपण माझ्या बाजूने असतील. गोणीला १२५ ग्रॅमची पुडी येते. उन्हाळ्यात स्लॅब टाकला आणि वारा असला की दोन-तीन तासांत वरून जाळीसारख्या तडा जातात ना, त्या कमी होतात. मखमलाबादला उघड्या माळावर स्लॅब टाकलेला, दुपारी अडीचला वारा सुटला, फायबर होतं म्हणून वाचलो. आता मी उन्हाळ्यात स्लॅब पहाटेच चालू करतो, अकराच्या आत संपवायचा.

पाटबंधारे_निवृत्त

शंभर टक्के तुमच्या बाजूने. आणि पहाटेचं काम तर सगळ्यात चांगलं.

चिवडा_मिसळ

धाग्यावर ऐतिहासिक क्षण. स्क्रीनशॉट काढलाय.

खान्देशी_सूनबाई

सगळं वाचलं, पण क्युरिंगचं कोणी नीट बोललंच नाही. आमच्याकडे ठेकेदार सकाळ-संध्याकाळ पाइपने शिंपडून जायचा, दुपारी स्लॅब पांढराफटक. मग सासूबाईंनीच गारा (मातीचा चिखल) कालवून आळी (कडेने बांध) घातली आणि पाणी साचवून ठेवलं. रोज मोटर लावायच्या त्या. स्लॅबला अजून ओल नाही.

अपर्णा_जोशी_सिव्हिल

सासूबाईंना नमस्कार सांगा. आळी करून पाणी साठवणं याच्याइतकं चांगलं काहीच नाही. कोड म्हणतो साध्या ओपीसीला (राख नसलेल्या सिमेंटला) किमान सात दिवस, पीपीसीसारख्या सिमेंटला दहा, आणि शक्यतो चौदा. राख असलेलं सिमेंट हळू चालतं, त्याला पाणी जास्त दिवस लागतं. पहिल्या आठवड्यात कोरडं पडू दिलं तर बाटलीतलं कुठलंच केमिकल ते भरून काढत नाही. सेंट्रिंग काढायचीही घाई नको. स्लॅबचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) सात दिवस आणि त्यापुढे चौदा असं कोडमध्ये आहे, पण तेही साध्या सिमेंटसाठी, पीपीसीला तुमच्या इंजिनियरला विचारून वाढवा.

टेरेस_गार्डन_वाली

आणि वरचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा उताराचा थर)? तो करायचाच ना? आमच्याकडे कोबा केला, वर चायना मोझॅक, उतार व्यवस्थित, काही त्रास नाही.

पाटबंधारे_निवृत्त

करा. गळतीविरुद्धचं खरं काम तोच करतो, आणि त्याहून जास्त त्याचा उतार, शंभराला एक तरी हवा. कोब्याच्या आधी स्लॅबवर पाणी साठवून दोन-तीन दिवस खालून बघा, गळतं ते तेव्हाच सापडतं. फक्त कोब्याचं वजन चौरस मीटरला सहज दोनशे किलो असतं, ते इंजिनियरने हिशोबात धरलंय ना विचारा. त्यावर परत तुमच्यासारखी बाग करणार असाल तर नक्कीच विचारा.

टेरेस_गार्डन_वाली

माझी कुंडीतली बाग आहे काका, वडाची झाडं नाहीत.

घरटं_म्हसरूळ

अपडेट द्यायला आलोय. स्लॅब झाला. पहाटे पाचला मिक्सर चालू. ठेकेदाराला आधी राग आला, "साहेब तुम्ही बँकेत जा, मी बघतो" म्हणाला. पण ड्रम आणि बादली ठेवली, पाइप मीच गुंडाळून गाडीत टाकला. सुपरप्लास्टिसायझर शीटप्रमाणे मोजून, पाण्याच्या शेवटच्या बादलीत मिसळून घातलं. पहिल्या दोन घाण्यांना माल घट्ट वाटला म्हणून मजूर कुरकुरले, मिक्सर अजून दोन मिनिटं फिरवल्यावर तोच माल सैल झाला, पाणी न घालता. हे बघून ठेकेदारसुद्धा गप्प झाला. साडेदहाला शेवटचं घमेलं. फायबर टाकलं. वॉटरप्रूफिंगचं लिक्विडही टाकलं (ठेकेदाराचं मन राखलं, वेगळ्या बादलीतून). क्रिस्टलाइन परत केलं. क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) भरून घेतले, सात दिवसांचे सरासरी १९ मेगापास्कल आले, इंजिनियर खूश आहे. आळी केलीय, रोज सकाळी सासरे पाणी भरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की जुन्या पद्धतीने चाललंय.

सातपूरचा_ठेकेदार

वा भाऊ, अभिनंदन. पीपीसीला सात दिवसांत १९ म्हणजे अठ्ठावीसला आरामात निघेल. पुढच्या कामाला मला बोलवा, पाइप तुमच्याकडेच ठेवा.

मनमाडी_भो

वाखुसा (वाचनखूण साठवली). घराचं काम काढतोय दिवाळीनंतर.

नाशिकरोड_नलिनी

जाता जाता अजून एक, आमची जमिनीखालची पाण्याची टाकी काँक्रीटची करायचीय, दहा हजार लिटर. तिला पण हेच सगळं?

अपर्णा_जोशी_सिव्हिल

टाकीला नियम वेगळे. आयएस ३३७० (पाण्याच्या टाक्यांचा कोड) बघायला सांगा इंजिनियरला, आरसीसीला किमान एम ३० आणि पाणी-सिमेंट ०.४५ च्या आत. गोणीला साडेबावीस लिटरच्या वर नाही, म्हणजे सुपरप्लास्टिसायझर लागणारच. घरटंनी परत केलेली क्रिस्टलाइन पावडर इथे मात्र घ्या. तळ आणि भिंतीच्या सांध्यात वॉटरस्टॉपची पट्टी टाका, बहुतेक टाक्या तिथेच पाझरतात. काळी माती असेल तर भोवतीचा भराव मुरमाचा करा. आणि टाकी भरून आठवडाभर पातळी बघितल्याशिवाय बाहेरून माती लोटू देऊ नका, मिस्त्री कितीही घाई करो.